राणे काकांची बोट आणि गवतातले मासे

मासेमारीत एक बरं असतं. मासा मिळाला तर तो एका जेवणात संपतो. नाही मिळाला तर त्याचा किस्सा होतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. आमच्याकडे किस्से भरपूर आहेत, यावरून काय ते समजून घ्या!

आम्ही म्हणजे मिशिगनमधल्या ट्रॉयची चार माणसं. बोटीचे मालक राणे काका मूळचे मालवणचे. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, इथे येऊन जन्म गेला, पण आवाज अजून बंदरावरचा. प्रशांत पुण्याचा, म्हणजे त्याला सगळं आधीच माहीत असतं. मिलिंद नागपूरचा, कमी बोलणारा. आणि मी. आम्ही तिघं सॉफ्टवेअरवाले, एच-वन व्हिसावर आलेले. दोन हजार चारच्या सुमारास काकांनी आम्हाला नादी लावलं. उन्हाळ्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ऑफिस सुटलं की काकांच्या चपट्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत बसायचं आणि बास नावाचा इथला मासा पकडायला निघायचं.

*

आमचं तळं उथळ. जुलै आला की गवत पाण्यावर येतं, वर कमळाची पानं पसरतात, पाणी शोधावं लागतं. पहिल्याच दिवशी प्रशांत नाक मुरडून म्हणाला, "काका, किती घाण आहे यार! हे लोक साफ का करत नाहीत?"

"अरे मेल्या, त्या गवताच्या सावलीतच मासा बसतो. उन्हात तो काय सनबाथ घेणार?"

प्रशांतला काही ते पटलं नाही. सोमवारी त्याने खरोखरच टाउनशिपच्या ऑफिसात फोन लावून कम्प्लेंट केली! तळं अस्वच्छ आहे, त्वरित कारवाई करावी, वगैरे. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, माशांनीपण तक्रार केली आहे का?"

*

अशा गवतात साधा गळ चालत नाही, लगेच अडकतो. तिथे रबरी बेडूक टाकायचा. त्याचे गळ वर, पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून सुळकन सरकतो. खालून बास येतो आणि धप्पकन त्याला घेऊन जातो. खरी परीक्षा पुढे असते. लगेच ओढायचं नाही! माशाने तो नीट तोंडात घेऊन खाली जाईपर्यंत थांबायचं, हाताला वजन लागलं की मग जोरात ओढायचं.

प्रशांतला थांबणं माहीत नाही. धप्प झालं की हा ओढणार, आणि बेडूक उलटा येऊन काकांच्या टोपीवर बसणार. चार वेळा असं झाल्यावर काका म्हणाले, "हे बघ, मनात 'गणपती बाप्पा मोरया' म्हण, आणि मगच ओढ."

पुढच्या खेपेला पाणी उसळलं, प्रशांतने दात आवळून धरले, पण उत्साहाच्या भरात मोठ्यांदा ओरडला, "गणपती बाप्पा...!"

आता हे ऐकून गप्प कसं बसायचं? मी आणि काका, दोघंही हात वर करून उभे, "मोरया!" बोट अशी कलंडली की डबा, थर्मास आणि प्रशांतचा चष्मा पाण्यात. मासा तर गेलाच. पलीकडच्या बोटीतल्या गोऱ्या आजोबांना वाटलं आपल्यालाच हाक मारली. त्यांनी हसून हात हलवला, म्हणून काकांनी त्यांनाही एकदा "मोरया" म्हणून घेतलं.

*

बास गळाला लागतो तो नेमका श्रावणात! आणि काकू श्रावण कडक पाळणाऱ्या. महिनाभर घरात माशाचं नावसुद्धा काढायचं नाही. मग काका पकडलेला प्रत्येक मासा पाण्यात सोडून द्यायचे. ते बघून तेच गोरे आजोबा गहिवरले. "तुमच्यासारखे निसर्गप्रेमी आता राहिले नाहीत," म्हणाले. काकांनी गंभीर चेहरा करून मान डोलावली.

मिलिंदला ते बघवेना. तो बौद्ध, त्याच्या घरी श्रावण नाही. तो म्हणाला, "काऊन सोडता जी? माझ्या घरी द्या की!"

झालं! त्या शनिवारी मिलिंदच्या बायकोने, सुनंदाने, झणझणीत रस्सा केला. काकूंना "मिलिंदचा कॉम्प्युटर बिघडलाय" असं सांगून काका सगळ्यांच्या आधी हजर. दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेवढ्यात फोन वाजला. काकू!

सुनंदाने प्रसंग ओळखला. "हो काकू, काका इथेच आहेत. जेवायलाच बसवलंय त्यांना. वरण-भात केलाय साधा."

काकू म्हणाल्या, "हो का? मग सावकाश जेवा म्हणावं, काटे बघून!"

*

दोन हजार आठचा उन्हाळा मात्र वाईट गेला. गाड्यांच्या कंपन्यांचे वांधे झाले होते, प्रोजेक्ट धडाधड बंद पडत होते. मिलिंदला सांगितलं गेलं की ऑगस्टअखेर तुझं काम संपलं. एच-वनवरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तोवर दुसऱ्या कंपनीने व्हिसा ट्रान्सफर फाइल केला नाही, तर सामान बांधायचं. मुलगी शाळेत रुळलेली, सुनंदा नुकतीच ड्रायव्हिंग शिकलेली. आम्हाला भयंकर वाईट वाटत होतं.

तरी तो तळ्यावर यायचा. एका संध्याकाळी तो बोटीच्या टोकाला बसून सारखा दोरी फेकत होता, गुंडाळत होता, पुन्हा फेकत होता. माझं सहज लक्ष गेलं तर दोरीला बेडूकच नाही! कधीचा तुटून गेलेला. मी सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी माझा गुडघा दाबला.

"फेकू दे त्याला," ते हळूच म्हणाले. काका हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

*

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. बोटीच्या मोटरच्या पंख्याला गवत गुंडाळलं गेलं आणि आम्ही मधोमध अडकलो. प्रशांत म्हणाला, "थांबा, मी काढतो," आणि वाकता वाकता डोक्यावर पडला पाण्यात! वर आला तो गळ्यात गवताच्या माळा, हात-पाय झाडतोय, ओरडतोय, "काका! वाचवा! खोल आहे!"

काकांनी त्याच्याकडे बघितलं. "प्रशांत, उभा राहा."

"बुडतोय मी!"

"अरे, उभा तर राहा!"

प्रशांत उभा राहिला. पाणी कमरेला होतं.

मिलिंद हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. किती दिवसांनी आम्ही त्याला हसताना बघितलं! प्रशांतलाही इतकं बरं वाटलं, की तो म्हणाला, "परत पडू का?"

*

ऑगस्ट संपत आला. मिलिंदला सनीव्हेलच्या एका कंपनीने फोन इंटरव्ह्यू दिला. दुसरीकडून कुठूनच काही हलत नव्हतं, जे काय होतं ते हेच. रिक्रूटरने वेळ कळवली, संध्याकाळी सात. मिलिंदने गणित केलं, कॅलिफोर्नियाचे सात म्हणजे आपले दहा. इतकी वर्षं दुसऱ्याच्या घड्याळाने मीटिंगा केलेला माणूस! समोरच्याने मिशिगनच्याच घड्याळाप्रमाणे वेळ दिली असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"दहापर्यंत घरी बसलो तर येडा होईन. चला तळ्यावर," तो म्हणाला.

सातला, ऐन कमळांच्या मधोमध, त्याचा फोन वाजला. नंबर बघून त्याचा चेहराच उतरला. "काका, तेच आहेत!"

काकांनी मोटर बंद केली आणि तोंडावर बोट ठेवलं. आम्ही चिडीचूप. मिलिंद आमच्याकडे पाठ करून बसला, एका कानात बोट घातलं आणि इंग्लिशमध्ये सुरू झाला. पहिली दोन उत्तरं अडखळली. मग हळूहळू गाडी रुळावर यायला लागली.

काकांनी आधीच फेकलेला बेडूक लांब पानांवर पडून होता. रीळ फिरवलं तर करकर होईल म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला होता.

आणि धप्प!

पाणी ढवळून निघालं. काकांच्या हातातली काठी पार वाकली. पानांमधून तोंड वर आलं, आणि देवाशपथ सांगतो, माझी अख्खी मूठ आत गेली असती! एवढा बास त्या तळ्यात कोणाला लागल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी जाळीला हात घातला. काकांनी मानेनेच नाही म्हटलं. असा मासा गवतासकट खेचून बोटीत घ्यायचा, तर उभं राहावं लागतं, आणि मग तो पत्र्यावर जी आदळआपट करतो ती किनाऱ्यापर्यंत ऐकू जाते.

"सॉरी," मिलिंद फोनवर म्हणत होता, "प्रश्न पुन्हा सांगता का?"

काकांनी मिलिंदच्या पाठीकडे बघितलं. मग अंगठ्याने रिळाचं बटण दाबलं आणि काठी खाली केली. दोरी सैल पडली. माशाने दोनदा डोकं झटकलं, बेडूक थुंकला आणि गेला. प्रशांतने स्वतःची टोपी तोंडात कोंबली होती.

बऱ्याच वेळाने मिलिंदने फोन ठेवला. तो गर्रकन आमच्याकडे वळला.

"काका, घेतलं त्यांनी! मॅनेजर स्वतः म्हणाला. व्हिसाचं काम उद्याच सुरू करतायत, महिना संपायच्या आत फाइल होणार!"

प्रशांत किंचाळला, मी मिलिंदला मिठी मारली, बोट गदागदा हलली. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. मिलिंदने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग एकदम आठवल्यासारखं त्याने विचारलं, "काका, मधेच तो आवाज कसला झाला जी? मी तर दचकलोच!"

काका खाली बघून दोरी गुंडाळत होते.

"कासव असेल मेलं," ते म्हणाले. "तू आधी सुनंदाला फोन लाव!"