आधी सांगून मारा

त्या रखवालदाराने मला एकसष्टाव्यांदा मारलं तेव्हा रविवारचे सकाळचे अकरा वाजत आले होते. मी कंट्रोलर गादीवर टाकला, गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गॅलरीत गेले. सासूबाई सोफ्याच्या कडेला वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. त्यांना सवय झाली आहे.

मी रत्नागिरीतल्या एका शाळेत गणित शिकवते. वय बेचाळीस. नवरा मुंबईत नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. घरी मी आणि सासूबाई. आणि गेली सहा वर्षं मी व्हिडिओ गेमची परीक्षणं करते, मराठीतून, माझ्या स्वतःच्या चॅनलवर. त्यात माझा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज असतो. शाळेत दोघी-तिघी सोडल्या तर कुणाला हे माहीत नाही. गणिताच्या बाई सुट्टीच्या दिवशी तलवार घेऊन राक्षस मारतात हे सांगायचं तरी कसं, म्हणून सांगितलंच नाही.

ज्यांनी गेम खेळलेले नाहीत त्यांनी बॉस म्हणजे ऑफिसातला साहेब समजू नये. टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभा असतो तो मोठा शत्रू म्हणजे बॉस. तो पहिल्या फटक्यात मरता कामा नये. त्याने तुम्हाला पन्नास वेळा लोळवलं तरी चालेल, पण प्रत्येक वेळी तुम्हाला कळलं पाहिजे की आपलं काय चुकलं. त्याने हात उचलला, एक पाय मागे घेतला, डोळे लाल केले, काहीतरी इशारा दिला पाहिजे. माझ्या परीक्षणांत मी हे इतक्या वेळा बोलले होते की ऐकणारेही ते वाक्य मला परत ऐकवायचे: कितीही मारा, पण आधी सांगून मारा.

हा गेम कोल्हापूरकडच्या दोघा भावंडांनी घरात बसून बनवला होता. बहीण लढाया रचायची, भाऊ चित्रं आणि प्रोग्रॅमिंग बघायचा. कंदील घेतलेली एक बाई जुन्या बारवेत उतरत जाते, आणि तळाशी आंधळा रखवालदार भेटतो. लढाईच्या शेवटच्या टप्प्यात तो कंदील विझवतो. पूर्ण काळोख. त्या काळोखात तो भाला मारतो. पावलांचा धप्प धप्प आवाज यायचा, तो मला ऐकू येत होता. पण भाला केव्हा येणार ते कळायचं नाही. कधी तीन पावलांनंतर यायचा, कधी पाच, कधी एकाच पावलानंतर. मी वहीत आकडे मांडून बघितले. काही सूत्र निघेना.

गेम सोमवारी लोकांसाठी खुला होणार होता आणि परीक्षण रविवारी संध्याकाळी टाकायचं कबूल केलं होतं. मी ते टाकलं. शेवट मला पार करता आला नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं. पण पुढे जे बोलले ते शब्द जसेच्या तसे आठवतात. "हा कठीण बॉस नाही, हा लबाड बॉस आहे. इथे कौशल्य नाही, नुसतं नशीब आहे. बनवणाऱ्यांनी खेळाडूला फसवलंय." फसवलंय हा शब्द मी जरा ओढून, चवीने म्हटला होता.

सोमवारपासून माझं लक्ष कशातच लागेना. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या खिडकीशी उभी राहून मी फोन बघायचे. एका बाजूला माझ्यावर तुटून पडलेले लोक होते. "जमत नसेल तर खेळू नका." "मी सातव्या खेपेला मारला, रडता काय?" "मॅडम, तुम्ही भाजी निवडा." दुसऱ्या बाजूला माझी बाजू घेणारे, आणि ते जास्त भयंकर होते. त्यांनी त्या भावंडांच्या पानावर जाऊन गेम न खेळताच शिव्या घातल्या. एकाने लिहिलं होतं, "आमच्या ताईंनी सांगितलंय, ही चोरी आहे." मी चोरी म्हटलं नव्हतं. पण म्हणायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

बुधवारी त्या बहिणीचा फोन आला. आवाज अगदी लहान, पण बोलणं ठाम.

"ताई, रागावण्यासाठी फोन नाही केला. एवढंच विचारायचंय, काळोखात घुंगरू ऐकलंत का तुम्ही?"

"कसलं घुंगरू?"

"त्याच्या भाल्याला घुंगरू बांधलंय. भाला उचलला की वाजतं. वाजलं की बाजूला उडी मारायची. सगळी लढाई त्याच्यावरच आहे."

"घुंगरू-बिंगरू काही वाजत नाही. मी हेडफोन लावून खेळले आहे."

ती म्हणाली, "कदाचित तुमच्याकडच्या प्रतीत काही बिघाड असेल. मी आमच्याकडचा एक छोटा व्हिडिओ पाठवते."

तिने पाठवला. मी तीन वेळा बघितला. काळोख, पावलं, भाला. घुंगरू नाही. मी तिला लिहिलं की तुझ्याही व्हिडिओत आवाज नाही. ती म्हणाली, "आहे." मी म्हटलं, "नाही." शेवटी मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. मी लिहिलं, "आता तुम्ही गेममध्ये आवाज नव्याने घालाल आणि पहिल्यापासून होता असं सांगाल. असले प्रकार मी पुष्कळ बघितलेत."

तिचं उत्तर आलं नाही.

गुरुवारी शाळेला कसली तरी सुट्टी होती. माझी धुसफूस चालूच होती. ठरवलं, तिचा व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावायचा, आवाज पूर्ण वाढवायचा आणि त्याचाच पुरावा करून दुसरं परीक्षण टाकायचं. सासूबाई खाली बसून सुकट निवडत होत्या. त्यांचं माहेर हर्णे बंदराकडचं, त्यामुळे सुकट त्या दुसऱ्या कुणाला निवडू देत नाहीत. मी व्हिडिओ लावला. एकदा, दोनदा, तीनदा.

"बघा आई," मी म्हटलं, "ही मुलगी म्हणते इथे घुंगरू वाजतं. कुठे आहे?"

त्यांनी हात थांबवले. "मग वाजतंय की गो."

"कुठे?"

"आता वाजलं. तो तुला मारायच्या आधी. छिन्न करून."

"पाऊल म्हणताय तुम्ही."

"पाऊल नाय गो बाय. पाऊल धप् करतंय. हे बारीक, पैंजणासारखं."

त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, "आई, मी पुन्हा लावते. वाजलं की तुम्ही हात वर करा." टीव्हीकडे पाठ करून मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. पाऊल, पाऊल, पाऊल, सासूबाईंचा सुकटीने माखलेला हात वर, आणि लगेच भाल्याचा घाव. पाऊल, हात, घाव. पाच वेळा केलं. पाचही वेळा हात बरोबर आधी उठला. मला त्या जागी काहीच ऐकू येत नव्हतं. हलका आवाज नाही, पुसट नाही, काहीच नाही.

"तुला खरंच ऐकू येत नाय?" त्यांनी विचारलं. आता त्यांचा आवाज बदलला होता.

मी व्हिडिओ बंद केला. गेम चालू केला. का केला, सांगता येत नाही. बहुधा हातांना काहीतरी करायला हवं होतं. म्हटलं, "तुम्ही फक्त 'आला' म्हणा." त्यांनी हात पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. कंदील विझला. पावलं सुरू झाली.

"आला!" मी उडी मारली. भाला शेजारून गेला.

"आला! अगो आला!"

दुसऱ्या खेपेलाच रखवालदार गुडघ्यावर आला आणि बारवेत उजेड झाला. सासूबाईंनी टाळी वाजवली, म्हणाल्या, "मेला एकदाचा." मी कंट्रोलर हातात धरून तशीच बसून राहिले. एकसष्ट वेळा हरल्यावर जिंकण्याचा जो आनंद व्हायला हवा होता त्यातला कणभरही मला झाला नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मी स्वतःलाच तपासत फिरत होते. वॉशिंग मशीन धुणं संपल्यावर शिटी वाजवतं, ती कधीपासून ऐकली नव्हती? मला वाटत होतं ते बिघडलंय. कुकर ऐकू येतो. पुरुषांचे आवाज येतात. नवऱ्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "अगं, तू हल्ली सारखं काय म्हणालात, काय म्हणालात करतेस. मला वाटलं मुंबईची लाइन खराब." विहारात रविवारी बायका वंदना म्हणतात तेव्हा मला पुरुषांच्याच ओळी स्पष्ट येतात, आणि मी मनात म्हणत होते की या बायका हल्ली पुटपुटतात.

आणि वर्ग. आठवीत मागच्या बाकावर एक बारीक आवाजाची मुलगी आहे. त्या वर्षभरात मी तिला कितीदा उभं केलं होतं. "तोंडातल्या तोंडात बोलू नकोस, मोठ्याने सांग." ती सांगायची, मी पुन्हा "मोठ्याने" म्हणायचे, वर्ग हसायचा. हे आठवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि दवाखान्याचा नंबर शोधला.

कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी काचेतून बघितलं तर बाहेरची तंत्रज्ञ मुलगी यंत्र फिरवत होती, माझ्याकडे बघत होती, पुन्हा फिरवत होती. मला कळलं की आवाज येताहेत. एकदोनदा मी अंदाजाने बटण दाबलं, मग मुकाट्याने खाली बघत बसले. डॉक्टर म्हणाले, "उंच पट्टीचं ऐकणं गेलंय. दोन्ही कानांचं. एका दिवसात होत नाही हे, हळूहळू जातं, म्हणून समजत नाही. यंत्र लावावं लागेल." कशामुळे ते त्यांना नक्की सांगता आलं नाही.

त्या बहिणीला फोन करायला मला आणखी चार दिवस लागले. आरे-वारेच्या रस्त्याला स्कूटर उभी करून मी फोन केला, कारण घरी सासूबाईंसमोर बोलवेना. माफी मागितली, कारण सांगितलं.

"ताई," ती म्हणाली, "मला तुमचा फार राग आला होता. आता कळत नाही काय बोलावं. आम्ही दोघांनी हजार वेळा खेळून बघितलं असेल, पण कुणाला ऐकूच येत नसेल, हे डोक्यातच आलं नाही."

"तुझा इशारा चांगला होता. आईंनी बरोबर ओळखला."

"पण तुम्हाला पोचला नाही ना. मग इशारा कसला?" मग तिने माझ्याहीपेक्षा घाईघाईने बोलायला सुरुवात केली. विझलेल्या कंदिलाची वात घुंगरासोबत क्षणभर लाल झाली तर? काळोख तसाच राहील, पण दिसेल. "लोक ओरडतील, सोपा केला म्हणून."

"ओरडू देत. त्यांना मी उत्तर देते."

मी नवा व्हिडिओ केला. जुनं परीक्षण चुकीचं होतं, बॉसने सांगूनच मारलं होतं, मला ते ऐकू आलं नव्हतं, का ते असं असं. रेकॉर्ड करताना दोनदा आवाज फाटला, तो तसाच ठेवला. त्याखाली जे आलं ते बरंचसं चांगलं होतं, पण सगळं नाही. "कारणं सांगते." "बहिऱ्यांनी परीक्षणं करू नयेत." वात लाल झाल्यावर तर दोन दिवस धुमाकूळ होता, जणू कुणाच्या बापजाद्यांची जमीन गेली. मी एकेकाला लिहिलं की तो फरक सेटिंगमध्ये बंद करता येतो, तुम्ही काळोखातच मरा. आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा निरोप मात्र मी जपून ठेवलाय. तो मच्छीमारी लाँचच्या इंजिनावर काम करतो. त्याने लिहिलं होतं, "पंधरा वर्षं इंजिनाशेजारी गेली, कान गेले. मीपण त्या रखवालदाराकडेच अडकलो होतो. वाटलं आपल्यालाच अक्कल नाही. काल सुटलो."

आता माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. सगळं परत आलेलं नाही, आणि जे आलंय ते जरा पत्र्यासारखं आहे. आठवीतल्या त्या मुलीची मी वर्गासमोर माफी मागितली. ती लाजून काहीतरी म्हणाली. ते मला अर्धंच कळलं, पण पुन्हा विचारलं नाही. पुढच्या बाकावर ये म्हटलं, तर तिने नकार दिला. मैत्रीण मागे बसते म्हणाली.

सध्या मी माझी जुनी परीक्षणं उघडून बसते. ज्या ज्या ठिकाणी मी "इशारा नाही", "अन्याय", "आळशी काम" म्हटलं होतं, ते ते गेम पुन्हा खेळते. सासूबाई शेजारी असतात. आतापर्यंत असे तीन सापडले जिथे आवाज होता आणि मी तो नाही असं म्हटलं होतं. दोन ठिकाणी दुरुस्ती टाकली. तिसरा गेम एकट्या माणसाने बनवलेला होता, चार वर्षांपूर्वी. माझ्या त्या परीक्षणाखाली त्याने एकदाच लिहिलं होतं, "मॅडम, कृपया पुन्हा ऐकून बघा," आणि मी त्यावर हसण्याचं चिन्ह टाकलं होतं. त्याचं पान आता बंद आहे. गेममध्ये दिलेल्या त्याच्या पत्त्यावर मी दोन वेळा मेल केला. दोन्ही परत आले.