कन्हानच्या भट्टीवरचा पवित्र गुरुवार

एका लेखासाठी बिशपसाहेबांसोबत दिवसभर फिरायचं म्हणून सांगलीहून निघतानाच मी इस्त्रीचा सदरा वेगळा ठेवला होता. पांढरी मोटार, चकाकता धर्मदंड, मागेपुढे सेवक, असं सगळं नाटक डोक्यात उभं होतं. प्रत्यक्षात नागपूरजवळच्या कामठीच्या स्टँडवर, शेअर ऑटोत, पोटाशी पिशवी धरून एक सडपातळ म्हातारा बसला होता. "सरकतो, या," तो म्हणाला. हेच बिशप!

ऑटोवाल्या शालिकभाऊंनी मला नवखा ओळखून आरशातूनच सुरुवात केली. "लॉकडाऊनमध्ये मजूर पायी जाऊन राहिले होते नं, तवा या बाबानं आपल्या बंगल्याचं फाटकच काढून टाकलं."

"काहून?" मी नागपुरी मिरवली.

"आलेल्याले 'उघडा' म्हणा नाही लागलं पाहिजे. आन तुमी काहून-बिहून नका म्हणू गा, जमत नाही तुमाले!"

बिशप हसले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.

कन्हान नदी ओलांडल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. त्याच लॉकडाऊनमध्ये एतवा नावाचा झारखंडचा वीटभट्टीमजूर तापाने गेला. बायको फुलमनी गावी, गाड्या बंद. बिशपांनी त्याला कामठीत पुरलं आणि माती लोटून झाल्यावर तिला फोन केला. "आधी कळलं तर ती तिकडे नुसती तळमळेल, असं वाटलं मला. ते ठरवणारा मी कोण?" फुलमनी पुढे भट्टीवर परतली, पण त्यांच्याशी बोलायची बंद झाली. आता ते निवृत्त झाले होते. ईस्टरनंतर कायमचे दक्षिणेतल्या वृद्धाश्रमात जाणार होते. त्याआधी त्यांना तिची माफी मागायची होती.

भट्टीवर ऊन नुसतं सांडलं होतं. बोरीची पानंसुद्धा राखेने करडी झालेली. पवित्र गुरुवार (येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले तो दिवस) म्हणून बसायला विटांच्या बारा थप्प्या मांडल्या होत्या. मजूर येऊन बसले. शेवटची थप्पी रिकामी राहिली. बिशप गुडघ्यांवर बसून भेगाळलेले, लाल मातीने माखलेले पाय धूत, पंच्याने पुसत सरकत होते.

"त्या जागी या पाहुण्याले बसवा की!" मुकादम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

माझ्या मोज्याला भलंमोठं भोक होतं. मी देवाचा धावा केला. कोणत्या, ते विचारू नका.

"ती जागा फुलमनीची आहे," बिशप म्हणाले.

ती आली नाही. शेवटी तेच तिच्या झोपडीकडे निघाले. मी मागोमाग. ती दारात उभी होती.

"फुलमनी, माझं चुकलं. तुला आधी सांगायला हवं होतं."

"दरसाल भट्टीवर येता, बाबा. माझ्या घरी आज आले."

ती आत गेली आणि तांब्या-परात घेऊन आली. आत खाटेवर बसवून तिने त्यांचे पाय परातीत घेतले. बिशप गडबडून पाय मागे घेऊ लागले.

"हलू नका. आमच्यात घरी आलेल्याचे पाय घरवाली धुते."

"म्हणजे मला माफ केलंस?"

"नाही केलं. पाहुणे आहात, म्हणून धुते." तिने पाय पुसले आणि समोर जमिनीवर बसली. "आता सांगा. त्याला पुरलं तेव्हा काय काय झालं? समदं सांगा."

त्यांनी सांगितलं. खांदा कुणी दिला, डोकं कुठल्या दिशेला केलं, कुठली प्रार्थना म्हटली. ती मध्येमध्ये मान हलवत होती.

"अंगात सदरा कोणता होता?"

बिशप थांबले. डोळे मिटले.

"आठवत नाही, फुलमनी."

तिने पदर तोंडाशी धरला आणि तेव्हा कुठे रडली. ते तिथेच बसून राहिले. सावकाशीने तिने डोळे पुसले आणि आम्हा दोघांना लाल चहा (बिनदुधाचा) दिला.

परतताना शालिकभाऊंनी दोनदा विचारलं, "काय झालं गा?" मी मात्र त्या सदऱ्याचाच विचार करत होतो. बिशपांच्या जागी मी असतो, तर पटकन "निळा" म्हणून मोकळा झालो असतो. वर सदऱ्याच्या खिशाला पेनही लावलं असतं. आणि ते ती बाई जन्मभर खरं धरून बसली असती.