मोजणीतून गळलेले पंधरा

बोयाका प्रांताच्या डोंगरात सायकलवाल्याचा गुडघा दुखला, की तो एदुविनाबाईंकडे जातो. बाई विणकराची लेक. फिजिओथेरपी त्या ऐन तारुण्यात शिकल्या. संशोधनातले आकडे वाचायला मात्र चाळिशी उलटल्यावर शिकल्या, रोज पहाटे, गुळाच्या गरम पाण्याचा पेला हाताशी ठेवून. तेव्हापासून कुठलाही शोधनिबंध आला, तरी त्या निष्कर्ष आधी वाचत नाहीत. निघाले किती आणि पोहोचले किती, हे आधी शोधतात.

त्या दिवशी क्लबचे प्रशिक्षक अनिबाल असाच एक निबंध नाचवत आले. मागोमाग लंगडत यालेनी. एकोणीस वर्षांची, चढावर वाऱ्यासारखी सायकल पळवणारी पोर. गुडघा सुजलेला, आणि राष्ट्रीय शर्यत तीन आठवड्यांवर.

“वाचा बाई! नवं इंजेक्शन. शंभरातले ऐंशी जण तीन आठवड्यांत बरे! तुमच्या व्यायामाने अठ्ठावन्न!”

“बसा मास्तर. आधी दम घ्या.”

बाईंनी सावकाश सगळं वाचलं. मग म्हणाल्या, “इंजेक्शन दिलं चाळिसांना, मोजले पंचवीस. त्यातले वीस बरे झाले, हेच तुमचे ऐंशी टक्के. पंधरा मधेच गळले.”

“गेले असतील कामाधंद्याला!”

“असतील. नाहीतर गुडघा धरून घरी बसले असतील. इथे लिहिलेलं नाही. परवाच्या चढाला आपली बारा पोरं निघाली, पाच मागच्या गाडीत बसून आली. सरासरी वेळ काढताना ती पाच धरलीत?”

“धरली असती तर क्लबची अब्रू गेली असती!” अनिबाल हसले, आणि हसता हसता निबंधावर वाकले.

“व्यायामवाल्या चाळिसांतले दोनच गळले, बावीस बरे झाले. गळलेले कुणीच बरे झाले नाहीत असं धरलं, तर इकडे बावीस, तिकडे वीस.”

“म्हणजे इंजेक्शन वाईट?” यालेनीने विचारलं.

“ते मला माहीत नाही, बाळ. चांगलं आहे, हेही या कागदावरून कळत नाही.”

“आणि व्यायामाने मी शर्यतीपर्यंत बरी होईन?”

“ही सूज बघून मी हो म्हणणार नाही.”

पोरीचे डोळे भरले. तिने ते बाहीने पुसले. मग म्हणाली, “शर्यतीतून माझं नाव काढा, मास्तर.”

अनिबालांनी तिथूनच शर्यतीच्या आयोजकांना फोन लावला आणि संघ कळवला, तिच्याशिवाय. ती पुन्हा सायकलवर कधी बसेल, याची तारीख त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना विचारली नाही.