फळ्यावरचा घरचा पाना

माझा मामा विमानं दुरुस्त करतो आणि विमानात बसायला घाबरतो. बावीस वर्षं फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये काढली, पण पाय कधी जमिनीवरून उचलला नाही. घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस. त्याच्यासोबत वेळेवर कुठे पोचणं म्हणजे नशीबच.

हँगरच्या भिंतीवर त्याचा एक फळा आहे. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, तिथेच ते टांगायचं. संध्याकाळी एकही आकृती उघडी दिसली तर ते सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

एकदा क्लबचा नळ गळायला लागला. विमानाचं हत्यार नळाला लावणं मामाला पाप वाटतं, म्हणून त्याने घरचा बारा नंबरचा पाना नेला. नळ झाला, आणि सवयीने त्याने तो पाना फळ्यावर टांगला. फळा भरला. हँगरचा बारा नंबर मात्र मामाने त्याच दिवशी दुरुस्त केलेल्या दोन आसनी विमानाच्या शेपटीत निवांत पडला होता.

सकाळी वैमानिक बाईंनी तेच विमान काढलं. विमान धावता धावता आतला पाना सरकला आणि तारांत अडकला. नाक काही वर होईना. धावपट्टी संपली, कुंपण संपलं, आणि विमान कोबीच्या शेतात जाऊन बसलं. बाई कोबीची पानं झटकत बाहेर आल्या, खरचटलंसुद्धा नव्हतं. विमानाचं नाक चेपलं होतं. मामाचं कापलं जायचं होतं.

चौकशी अधिकाऱ्यांनी शेपटीतला पाना काढला, मग फळा पाहिला. "तुमची हत्यारं तर सगळी जागेवर आहेत. हा आधीच्या कुणाचा तरी असणार."

गप्प बसला असता तर लायसन्स वाचलं असतं. खरं सांगते, बसावं असंच मला वाटत होतं. त्याने फळ्यावरचा पाना काढून उलटा केला. मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. शेजारी गेलेल्या वाट्या परत येत नाहीत म्हणून मामी घरातल्या प्रत्येक वस्तूला तो लावते.

"हा आमच्या घरचा," मामा म्हणाला. "तुमच्या हातातला माझा."

सहा महिने लायसन्स गेलं. तेवढ्या काळात त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर आकृत्या रंगवल्या: उलथनं, झारा, चाळणी, आणि दाराशी मामीच्या चपला.

तो कामावर परतला तेव्हा बाईंनी अट घातली. "तुम्ही दुरुस्त केलेल्या विमानाची पहिली फेरी तुम्ही माझ्या शेजारी बसून करायची."

आता मामा डोळे मिटून उडतो. पण त्याआधी मामी धावपट्टीच्या कडेला दोन्ही पाने उंच धरून उभी राहते, आणि ते दोन्ही दिसेपर्यंत तो बाईंना निघू देत नाही.