राक्षसाचं नेमकं वाक्य

लिमयेकाका राक्षस झाले की आधी चष्मा काढून ठेवायचे, मग दोन्ही हात वर करून डरकाळी फोडायचे आणि लगेच काकूंकडे वाकून म्हणायचे, "अगं, दचकली नाहीस ना?" डरकाळी कसली, शिंकच ती. सहा फूट दोन इंच उंची, दारातून वाकून येणारा देह, पण आवाज इतका बारीक की कलकत्त्याच्या बेहाला भागातले रिक्षावाले त्यांना पत्ता दोनदा विचारायचे.

काका जहाजांचे नकाशे काढत. कलकत्त्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. मी गार्डन रीचच्या एका कचेरीत नुकताच बदलून आलेला. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून एका खेळाचं पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा पाठवला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि पात्राचं जमलं की फसलं, ते फाशाने ठरवायचं. रविवारी दुपारी वीज गेली, आणि ती जायचीच, की काका, काकू आणि मी गॅलरीत चटई टाकून खेळायला बसायचो.

पुस्तकात लिहिलं होतं की राक्षसासारख्या आडदांड जमातींना दुसऱ्याला घाबरवताना चार गुण जास्तीचे. काकांना ते मुळीच पटेना. "आडदांड म्हणून चार? मग मला घरात चार मिळायला हवेत. विचार तुझ्या काकूला!"

शेंगा सोलता सोलता काकू म्हणाल्या, "वजा चार लिहा."

झालं! काकांनी नियमच बदलला. "भीती राक्षसाच्या अंगात नसते रे, ऐकणाऱ्याच्या पोटात असते. तेव्हा फासा ऐकणाऱ्याने टाकायचा. आणि राक्षसाने नेमकं वाक्य बोलायचं. 'मी दम देतो' असलं मोघम चालायचं नाही." मी एकदा राक्षस झालो आणि म्हणालो, "बाजूला व्हा, नाहीतर... नाहीतर बघा हं!" काकूंनी फासा टाकलाच नाही. "बस बाबा, पोहे देते," म्हणाल्या.

तसा मी भित्राच. त्यात सांगलीला माझं लग्न ठरलेलं, तीन आठवड्यांवर आलेलं, आणि रजेचा पत्ता नाही! आमचे घोषालसाहेब म्हणजे कपाटाएवढा माणूस. अर्ज घेऊन गेलो, तर टेबलावर हात आपटून असे काही ओरडले की मी अर्ज तिथेच टाकून पाय लावून पळालो. पुन्हा त्या केबिनकडे फिरकलो नाही. आईचं दर आठवड्याला पत्र, "रजा मिळाली का?" माझं दर आठवड्याला उत्तर, "होईल." रात्ररात्र डोळ्याला डोळा नव्हता. आपल्याच लग्नाला आपण नसणार, असंच वाटायला लागलं होतं.

त्या रविवारी माझं खेळात लक्ष नाही हे काकूंनी ओळखलं आणि माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं. काका पुढे सरकले. "नियम म्हणजे नियम. नेमकं काय म्हणाला तो?"

"ओरडले, 'चेष्टा कोरबो!' सांगा आता, माझ्या लग्नाची चेष्टा करणार म्हणे!"

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसून हसून बोलताच येईना. "अरे गाढवा! बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. प्रयत्न करीन, म्हणाला तो!"

"मग ओरडले कशाला?"

"आवाजच तसा त्याचा. माझा हा असा आहे, त्याला मी काय करू?"

सोमवारी केबिनमध्ये गेलो. तोंड उघडायच्या आत साहेबांनी खण ओढला आणि कागद पुढे टाकला. वीस दिवसांची रजा मंजूर! कागदावरची तारीख पंधरा दिवसांपूर्वीची. "आप तो आया ही नहीं!" ते गरजले. मग जरा हळू म्हणाले, "हम सोचा, लड़की पसंद नहीं."

संध्याकाळी उड्या मारतच बेहालाला गेलो. मला वाटलं, काका पुन्हा हसतील. ते हसले नाहीत. कागद हातात घेऊन ती तारीख बघत राहिले.

"पंधरा दिवस वाट बघत होता रे तो," ते म्हणाले. "एवढा मोठा माणूस, आणि कोणी जवळच येत नाही. वाईट वाटतं त्याचं."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचं ते बोलणं मी विसरलो नाही. रजा मिळाली त्याच आठवड्यात सांगलीहून पत्रिका आल्या, तेव्हा पहिली देवापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन मी घोषालसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी ओरडून मला बसायला सांगितलं, आणि मी बसलो.