इनासभाऊंचं ओबरफ्रांकन

बहरीनमध्ये दर शुक्रवारी मनाम्यातल्या चर्चमधली मिस्सा आटोपून इनासभाऊ आमच्या सनाबिसच्या फ्लॅटवर यायचे, चपला काढायचे आणि कुणाला न विचारता जेवणाचं टेबल रिकामं करायचे. मग काखेतली गुंडाळी सोडून नकाशा पसरायचे. चार कोपऱ्यांवरची चार वजनं ठरलेली होती: मिठाची बरणी, लोणच्याची बरणी, माझ्या चष्म्याचं घर आणि त्यांचा मोबाइल. आमचं टेबल नव्वद सेंटिमीटर रुंद आहे. नकाशा चौऱ्याऐंशी बाय एकोणसाठ. मी मोजला होता.

आम्ही एकाच कंपनीत होतो. मी अकाउंट्सला, ते सलमाबादच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. ते वसईचे, मी पुण्याचा. मला ते नावाने हाक मारत नसत, "काय ऑडिटर" म्हणत. मी ऑडिटर नाही, हे मी सुरुवातीला चार-पाच वेळा सांगून पाहिलं.

नकाशा ओबरफ्रांकनचा होता. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचा हा एक प्रशासकीय विभाग. म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपला कोकण विभाग समज. कलेक्टरांच्या वर कमिशनर बसतो ना, तसा. त्यांचं ऑफिस बायरॉइटला." डक्टच्या ड्रॉइंगवर असतात तशाच सरळ, सुट्या अक्षरांत त्यांनी सगळी गावं लिहिली होती. खालच्या कोपऱ्यात त्याच प्रमाणात बहरीन काढलं होतं, वीतभर.

"नऊ बहरीन मावतात यात. आणि माणसं मात्र इथल्यापेक्षा कमी."

ओबरफ्रांकन सात हजार दोनशे एकतीस चौरस किलोमीटर. बहरीन सातशे ऐंशीच्या थोडं वर. नक्की सांगता येत नाही, कारण समुद्रात भर घालून ते वाढवतात. मी भागाकार केला. "नऊ पूर्णांक दोन दशांश," मी म्हणालो.

"ते वरचे दोन दशांश टाक समुद्रात, ऑडिटर. तेवढीच भर."

त्यांची मुलगी अनिता बांबेर्गला नर्स होती. बांबेर्ग याच विभागातलं जुनं शहर. तिथे पूर्वी बिशपचंच राज्य होतं आणि शहराच्या मधोमध अजून भाजीचे मळे आहेत, हे मला त्यांच्याकडून कळलं. "आम्ही वाडीवाले, तेही वाडीवाले. कांदा पोसावा म्हणून पायाला फळ्या बांधून पात तुडवायचे. आसपासचे त्यांना अजून कांदेतुडवे म्हणून चिडवतात." तिथली धुराच्या वासाची बिअर प्रसिद्ध आहे, असं सांगून ते म्हणायचे, "सुके बोंबील भाजताना चुलीपाशी बसून प्यायल्यासारखी लागत असणार." माझी बायको मंदा चहा आणताना म्हणायची, "भाऊ, एकदा जाऊन पिऊन या ना." त्यावर ते नकाशा सारखा करत.

न जाण्याचं कारण मला उशिरा कळलं. अनितासाठी त्यांनी इथल्या एका हॉस्पिटलात नोकरी ठरवली होती. तिने ती नाकारली आणि जर्मन शिकून तिकडे गेली. तिची आई तोवर वारली होती. "तुझं तोंड बघायचं नाही," असं ते तिला बोलले आणि सुट्टीवर वसईत असूनही विमानतळावर गेले नाहीत. दोन वर्षं बोलणं बंद. नकाशा काढायला त्यांनी घेतला तो या दोन वर्षांत.

विभागाच्या उत्तरेला एक खेडं आहे. जर्मनीची फाळणी होती तेव्हा त्या खेड्याच्या मधून भिंत होती. "अलीकडचे हात हलवायचे. पलीकडच्यांना उलट हात हलवायला मनाई," ते सांगायचे. एकदा पुढे म्हणाले, "मला तर कुणाची मनाई नव्हती."

मग फोन सुरू झाले, दर रविवारी दहा मिनिटं. त्यांनी माफी मागितली होती. "ती म्हणते, इट्स ओके, पप्पा. ही पोरं इट्स ओके म्हणाली की समजायचं, दार लावून घेतलं. फोनवर नाही होत हे. समोर बसून मागायला हवी."

फिश्टेल डोंगरावर त्यांचं बोट नेहमी थांबायचं. तिथून चार नद्या निघून चार दिशांना जातात. माइन पश्चिमेला, नाब दक्षिणेला, बाकी दोघी उत्तरेला आणि पूर्वेला. "एका डोंगराच्या चार पोरी. त्याने काय करायचं? डोंगर आहे, बसून राहायचं. मी काय डोंगर आहे?"

या वर्षी अनितानेच त्यांना ईस्टरला बोलावलं. व्हिसा मिळाला, त्याची मुदतही ऐसपैस होती. ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "ऑडिटर, बघ जरा. निघू ना?"

आमच्या कंपनीत दोन वर्षं पुरी झाली की सुट्टी आणि तिकीट मिळतं. आखातात सगळे असेच मोजून जगतात. बारशी, बारावी, आईबापांची आजारपणं, सगळं त्या तारखेला टांगलेलं असतं. मी कॅलेंडर उघडलं. ईस्टरला निघाले असते तर दोन वर्षांना एकोणीस दिवस कमी पडत होते. तिकीट गेलं असतं, सुट्टी बिनपगारी धरली असती.

"एकोणीस दिवस थांबा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबू म्हणतोस?"

"हिशेबाने तेच बरोबर आहे."

"बरं. तेवढ्यात नद्या काही उलट्या वाहणार नाहीत." अनिताला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ते म्हणाले, "इट्स ओके म्हणाली."

ईस्टर झाला. अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला ते ऑफिसात खुर्चीतच गेले. हॉस्पिटलात नेलं, पण खलास. पुढची कागदपत्रं मी केली. पासपोर्ट, आयडी कार्ड, दाखले, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. कुठे चूक झाली नाही. माझं सुट्टीचं गणितही बरोबर होतं, ते मी नंतर दोनदा तपासलं. रडू आलं नाही. मंदा रडली.

अनिता फ्रँकफर्टच्या विमानाने आली. त्यांना वसईला घेऊन जाण्याआधीच्या संध्याकाळी ती आमच्याकडे बसली होती. त्यांच्या खोलीतून आणलेला नकाशा मी टेबलावर पसरला. चौथ्या कोपऱ्याला मोबाइल नव्हता, म्हणून मी हात ठेवला.

तिने बराच वेळ पाहिला. "हे माझं हॉस्पिटल. बसस्टॉपपण काढलाय." मग डोंगरापाशी बोट ठेवून म्हणाली, "इथे मी अजून गेलेच नाही."

"चार नद्या निघतात तिथून," मी म्हणालो. कुठली कुठल्या दिशेला जाते तेही सांगितलं. मला पाठ होतं.

"अंकल, पप्पा ईस्टरला का नाही आले? सुट्टीचं काहीतरी म्हणत होते."

"मी थांबायला सांगितलं."

"किती दिवस?"

"एकोणीस."

तिने मान हलवली. नकाशा अलगद गुंडाळायला घेतला, माझा हात बाजूला करून.

"इट्स ओके, अंकल," ती म्हणाली.

मी तिच्या समोरच बसलो होतो. मधे नव्वद सेंटिमीटरचं टेबल होतं.