मागच्या सालच्या पोरी

"मागच्या सालच्या पोरी पाहाच्या होत्या, बाई," असं म्हणत मावशी वर्गाच्या दारात उभ्या राहत. एकेका मुलीच्या डोक्याला बोट लावून तिला आत सोडायचं, शेवटची आत गेली की पदराने तोंड पुसायचं आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं बघायचं, जणू यंदाचा माल जरा हलकाच निघाला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौसरच्या मुलींच्या शाळेत मराठीच्या वर्गावर मी रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी हे वाक्य ऐकलं. मी बावीस वर्षांची होते. मागच्या सालच्या मुली मी पाहिलेल्या नव्हत्या, त्यामुळे मला ते खरं वाटलं.

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसत होतात. आजीच्या वेळची संत्री गोड, शेजारी गोड, शाळाही गोड. मग वाईट गोष्टी कुठे गेल्या, असं विचारत होतात. मी विषय बदलला. एक बाई माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांच्याबद्दल लिहिते. तुम्हीच बघा काय ते.

मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. शाळेत शिपायाचं काम करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणत. मुली तेव्हा आपणहून शाळेत येत नसत. घरोघर जाऊन त्यांना बोलावून आणावं लागे आणि शाळा सुटल्यावर परत घरी पोहोचवावं लागे. हेच मावशींचं काम. साडेनऊला त्या बाजारातून निघत, मग शेतकऱ्यांच्या मोहल्ल्यातून, आणि शेवटी बोरगावच्या वाटेवरच्या संत्र्यांच्या बागांपर्यंत. येताना मागे पंचवीस-तीस मुलींची रांग असे. कोणाची वेणी घातलेली नसे, ती त्या चालता चालता घालत.

आयांशी बोलण्याची त्यांची एक पद्धत होती. वाद घालायच्या नाहीत. एकदा एका आईने सांगितलं, आज पोरगी येत नाही, लहान्याला सांभाळायला कोणी नाही. मावशींनी हात पुढे केले. "दे, लहान्याले बी दे." त्यानंतर माझ्या वर्गात फळ्याखाली पोत्यावर कधी एक, कधी दोन बाळं झोपलेली असत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोणत्या इयत्तेत? मी गोंधळले. मावशी दारातून म्हणाल्या, "हे पुढच्या सालचे, साहेब. अगोदरच आणून ठेवले."

माझ्या पहिल्या वर्षी वर्गात गोदी नावाची मुलगी होती. शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे चौथीत असतानाच माझ्या खांद्याला लागायची. मावशींचा तिच्यावर रोजचा राग. गोदी उंडगी, गोदी रस्त्यात चिंचा पाडते, गोदीपायी एक दिवस आपली नोकरी जाईल. वर्ष संपलं, गोदी शाळेतून गेली. जुलैत नव्या मुली आत सोडून झाल्यावर मावशींनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गोदी होती त वर्गाले शोभा होती, बाई. मागच्या सालच्या पोरी पाहाच्या होत्या."

मला सगळ्या गोष्टी जिथल्या तिथे लागतात, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, मावशी, मागच्या वर्षी तर तुम्हीच तिला नावं ठेवत होतात. त्या जराही ओशाळल्या नाहीत. वर्गाकडे हात करून म्हणाल्या, "ह्या अजून पोचवाच्या आहेत न. त्या पोचल्या."

एवढंच बोलल्या आणि पाण्याचा माठ भरायला गेल्या. मी तेव्हा हसले होते. माझ्याआधी ज्या बाई त्या वर्गावर होत्या, त्यांचंही असंच. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्यांचा आवाज कधी चढला नाही. हे मला दर आठवड्याला ऐकावं लागे आणि खरं सांगते, मनाला लागे. मी नागपूरला कॉलेजात शिकून आलेली. कोणी आपल्याला मागच्या बाईंच्या खाली धरावं, याची मला सवय नव्हती.

मग छप्पन साली राज्यं नव्याने आखली गेली. तोपर्यंत आमची राजधानी नागपूर होती. शाळेच्या पुस्तकांपासून लग्नाच्या शालूपर्यंत सगळं नागपूरहून यायचं. आम्ही जागचे हललो नाही; नागपूर मात्र दुसऱ्या राज्यात गेलं आणि राजधानी भोपाळला. मी मावशींना फळ्यावर नकाशा काढून दाखवला.

"मंग काटोलची माही बहीण कुठी गेली?"

मी म्हटलं, कुठेच नाही. आहे तिथेच.

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी डस्टर झटकलं.

पण तेवढ्यावर भागलं नाही. बाजारातल्या लोकांनी विचार केला की आता कचेरीत, नोकरीत हिंदी चालणार. मुलींना मराठीत घालून काय करायचं? एकेक नाव माझ्या पटावरून हिंदीच्या वर्गात जाऊ लागलं. थोड्याच दिवसांत कळलं की छिंदवाड्याहून साहेब येतील, प्रत्यक्ष बसलेल्या मुली मोजतील आणि ठरल्यापेक्षा कमी असल्या तर मराठीचा वर्ग वर्षाअखेर बंद होईल. पटावर मुली जेमतेम पुरत होत्या. पण दिवस कापूस वेचणीचे होते, आणि चौघी महिनाभर शेतातच होत्या.

मावशींचं काय पणाला लागलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. हिंदीच्या वर्गातल्या मुलींना आणायला वेगळी बाई होती. आमचा वर्ग गेला तर मावशींनी घरून बोलावून आणावं अशी मुलगीच उरत नव्हती.

साहेब येण्याच्या आदल्या दुपारी त्या माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "चार जागा मी भरून देईन. तुमी फक्त नाव घ्या, बाई." मला त्यांचा बेत कळला. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे होच, हे मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तर मागच्या ओळीत गोदी बसलेली. लोधीखेड्याला लग्न होऊन गेलेली, माहेरी आलेली. मंगळसूत्र झंपरात खुपसलेलं, पाय पोटाशी घेऊन शक्य तितकी लहान झालेली. तिच्या बाजूला तिच्याच वेळच्या आणखी तिघी. मागच्या सालच्या पोरी मावशींनी खरोखरच आणून बसवल्या होत्या. स्वतः त्या दारात उभ्या होत्या.

साहेब येऊन खुर्चीवर बसले. मी हजेरी घ्यायला लागले. शेतात गेलेल्या एका मुलीचं नाव आलं आणि मागून गोदी म्हणाली, "हजर, बाई." त्या आवाजावर दोन मुली हसल्या. मी थांबले. साहेबांनी मान वर केली नाही. ते हळूच म्हणाले, "आप नाम पढ़ते जाइए, बाईजी."

त्यांना कळलं होतं. ते मला वाट करून देत होते. आज मला त्यांचा वाकलेला चेहरा दिसतो आणि त्यावरचा समजूतदारपणाही. तेव्हा दिसला नाही. तेव्हा मला फक्त हजेरीपुस्तक दिसत होतं, आणि त्यात नसलेलं लिहायचं नाही एवढंच मला येत होतं. मी उभी राहिले आणि साहेबांना इंग्रजीतून सांगितलं की या चार मुली माझ्या पटावर नाहीत. इंग्रजीतून अशासाठी की गोदीला कळू नये आणि दारातल्या मावशींना कळू नये. माझा आवाज कापत होता, म्हणून मी तो चढवला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, ती मिटली आणि नमस्कार करून गेले.

वर्षाअखेर वर्ग बंद झाला. थोड्या मुली हिंदीत गेल्या, पुष्कळशा घरीच राहिल्या. माझी पांढुर्ण्याला बदली झाली. मावशींना शाळेने सांगितलं की उद्यापासून येऊ नका.

त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. मी रोज वाट पाहत होते की आज बोलतील. जायच्या दिवशी त्या न बोलावता आल्या, माझी वळकटी डोक्यावर घेतली आणि गाडीपर्यंत चालत आल्या. मी डब्यात चढल्यावर खिडकीतून माझा हात धरला आणि रडल्या. मीही रडले. मला वाटलं, यांनी मला क्षमा केली. मुलांनो, पांढुर्ण्याची पुढची कित्येक वर्षं मी त्या एका गोष्टीच्या आधारावर शांतपणे शिकवलं.

सौसर काही दूर नाही, पण जाणं झालं नाही. गेले तेव्हा तुमची आई कॉलेजात होती. बाजारामागे पुतण्याच्या घरी मावशी असतात असं कळलं होतं. ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, कानही गेलेले. पुतण्याच्या बायकोने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, पांढुर्ण्याच्या शाळेतल्या एक बाई आल्या आहेत. मी नाव सांगणार, तेवढ्यात त्या सुरू झाल्या.

आताच्या बायांना शिकवता येत नाही. आताच्या बाया घड्याळ पाहून राहतात. त्यांच्या वेळी एक बाई होत्या, मराठीच्या वर्गाच्या. त्यांचा आवाज कधी चढला नाही. अक्षर असं की फळा पुसावासा वाटू नये. मी ऐकत होते. माझं अक्षर तुम्ही पाहतच आहात.

मग त्या साहेबावर आल्या. "साहेब वर्ग बंद कराले आला होता. आमची बाई उभी राहिली न त्याच्या तोंडावर इंग्रजीत बोलली. असा साहेब गप झाला. एक पोरगी उठवू देली नाही तिनं." त्यांनी माझ्या दिशेने हात हलवला. "मंग सरकारनं बंद केला, थे गोष्ट अलग. बाई भांडली."

त्या ओसरीत मला कळलं की मावशींनी मला क्षमा केलीच नव्हती. करण्यासारखं काही आहे, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. गाडीपाशी त्या रडल्या, त्या त्यांच्यासाठी भांडलेल्या बाईसाठी.

मी त्यांच्या कानाजवळ सरकले आणि म्हटलं, मावशी, मी वेगळं ऐकलंय. त्या बाईने इंग्रजीत असं सांगितलं की चार मुली पटावरच्या नाहीत. तिच्या सांगण्यावरून वर्ग गेला.

त्यांचा चेहरा घट्ट झाला. "कोणं सांगतलं तुमाले?"

"मीच ती" असं मी म्हणू शकले असते. माझं नाव सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ काय उरलं असतं, हा विचार मी नंतर केला. त्या वेळी मला नुसती भीती वाटली. मी म्हटलं, असं लोक म्हणतात.

"लोक होते काय तिथी? मी होती दारात." त्यांनी बाजेवर हात टेकला आणि उठायचा प्रयत्न केला. "उठा तुमी. आमच्या बाईले नावं ठेवाची असतील त ह्या घरात बसू नका."

पुतण्याची बायको कानकोंडी झाली, चहा ठेवलाय म्हणू लागली. मावशींनी तिला मध्येच अडवलं. मी उठले. ओसरीच्या पायरीवर बसून चपला घालताना आतला आवाज ऐकू येत होता. कानाने कमी ऐकणारी माणसं मोठ्यानं बोलतात. "पांढुर्ण्याहून आली न माह्या बाईले खोटी पाडून राहिली. पुन्हा आली त घरात घेऊ नको."

पुतण्याची बायको म्हणाली, बरं.

"तुले काय मालूम," मावशी तिला सांगू लागल्या, "आमची बाई कशी होती थे," आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मी बोळात उभी राहून ते सगळं ऐकलं.